शाळांचा कारभारी कोणी निवडावा?

घरात मुलीसाठी स्थळ पाहावयाचे असले म्हणजे आजोबांपासून धाकट्या काकूंपर्यंत प्रत्येक जण चौकशीला लागतो. कुळ, शील, शिक्षण, मिळकत आणि स्वभाव यांची छाननी होते. मुलाच्या गावी कोणी ओळखीचे असेल तर त्यांस मुद्दाम पत्र जाते. स्वयंपाकाला बाई ठेवावयाची तरी आपण दोन घरी विचारून मग होकार देतो. मुलाला शाळेत घालण्याची वेळ आली की मास्तर कसे आहेत, बाई रागीट तर नाहीत ना, हेही विचारले जाते. परंतु त्या सर्व मास्तरांवर व बाईंवर जो नेमला जातो, ज्याच्या एका सहीने चांगला शिक्षक गावात येतो किंवा गावातून जातो, त्या अधिकाऱ्याला कोण निवडतो आणि कोणत्या कसोटीने निवडतो, हा प्रश्न मात्र आपल्या माजघरात किंवा ओसरीवर क्वचितच निघतो.

लोणावळ्याच्या नगरहद्दीतील तुंगार्ली उदाहरणादाखल घेऊ. वर डोंगरात तळे, खाली मुंबईकर-पुणेकरांचे बंगले, आणि त्या बंगल्यांच्या आसऱ्याने व बाजारपेठेतील रोजगारावर राहणारी कुटुंबे, असे तिचे आजचे रूप आहे. येथील एखादा मुलगा नगरपरिषदेच्या शाळेत जातो, तेव्हा त्याच्या शाळेचा कारभार प्रशासन अधिकाऱ्याकडे असतो. त्याचा मामेभाऊ कार्ल्याच्या बाजूस राहत असेल तर तो जिल्हा परिषदेच्या शाळेत जाईल. त्या शाळेवर वडगावचे गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्यावर पुण्याचे शिक्षणाधिकारी. तिसरे भावंड खाजगी संस्थेच्या शाळेत असेल, तर तेथील मुख्याध्यापक संस्थेचे चालक नेमतील. एकाच खोऱ्यातील तीन मुले, आणि त्यांच्या शाळांचे कारभारी निवडण्याच्या तीन तऱ्हा. यांपैकी एकाही तऱ्हेत त्या मुलांच्या आईबापांस कोणी विचारीत नाही. हे असे का झाले आणि असेच असावे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा कारभारी करतो तरी काय, हे आधी पाहू. जुन्या पिढीला ‘दिपोटी’ चांगलाच आठवत असेल. दिपोटी येणार असे कळले की शाळा सारवली जाई, पाट्या पुसल्या जात आणि पंतोजींच्या घशाला कोरड पडे. पण दिपोटी हा मुख्यतः परीक्षक. तो येई, प्रश्न विचारी, शेरा लिही आणि जाई. शाळांच्या कारभाऱ्याचे काम याहून व्यापक आहे. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या, गळक्या छपरांची डागडुजी, हजेरीपटांची तपासणी, आलेल्या पैशाचा हिशेब, आणि अमुक शाळेत चार वर्गांना एकच शिक्षक का, या प्रश्नाचे उत्तर, हे सारे त्याच्याकडे असते. मावळातल्या पावसात जुलै महिन्यात मुले शाळेपर्यंत पोहोचतात की नाहीत, याची काळजी वाहणारा जो शेवटचा मनुष्य, तो हाच.

या देखरेखीचे मोल आपल्याकडे फार पूर्वी एका थोर पुरुषाने ओळखले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष व अपुरी आहे अशी त्यांची तक्रार होती. तपासणी निदान तीन महिन्यांनी एकदा तरी व्हावी, आणि अधूनमधून ती पूर्वसूचना न देता व्हावी, असे त्यांनी सुचविले. गावच्या अंमलदारांवर हे काम सोपवून भागणार नाही, कारण त्यांना इतर कामांतून सवडच होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. शाळा काढणे सोपे, ती पाहणारा डोळा नेमणे कठीण, हे त्यांच्या सांगण्याचे सार होय.

मुंबई इलाख्यात हा डोळा नेमण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींकडे आला तो १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने. त्याआधी १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मोकळीक मिळाली होती. १९२३ च्या कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. नगरपालिका व जिल्हा लोकलबोर्डे यांनी आपापली स्कूलबोर्डे स्थापावी आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांनी पाहावा, अशी योजना झाली. आणि शाळांवरील नोकरवर्गाबरोबर त्यांच्या मुख्य अंमलदाराची दोरीही स्थानिक संस्थांच्या हाती आली. हा कायदा करणारे शिक्षणमंत्री होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.

परांजप्यांचे स्वतःचे चरित्र या प्रश्नाच्या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. १८९९ साली केंब्रिज येथे सीनियर रँग्लर होऊन ते परतले आणि १९०२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत कारभार आजीव सभासदांच्या हाती असे आणि प्रमुख त्यांच्यातूनच पुढे येई. त्यांच्यापूर्वी दहा वर्षे, १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे निवर्तल्यावर, याच रीतीने गोपाळ गणेश आगरकर प्रिन्सिपॉल झाले होते. आगरकरांची मते त्या वेळच्या पुण्याच्या घरोघरी किती अप्रिय होती, हे सांगावयास नको. ज्या घरांत त्यांच्या नावाने बोटे मोडली जात, त्याच घरांतील मुले त्यांच्या हाताखाली शिकत होती. परांजपेही काही देवभोळे नव्हते. असे असता या दोघांकडे प्रमुखपद आले, कारण ज्यांच्यातून ते पुढे आले त्यांनी त्यांना रोज वर्गावर जाताना पाहिले होते.

यावरून त्या संस्थेत सर्व काही आलबेल होते, असे मात्र कोणी समजू नये. तेथील मतभेद इतके विकोपास गेले की १८९० साली टिळकांनी संस्था सोडली. तरीही त्या पद्धतीत एक गुण होता. जे निवडणारे, तेच रोज त्याच इमारतीत शिकविणारे. प्रमुख नालायक निघाला तर त्याचा ताप प्रथम त्यांनाच व्हावयाचा. आपल्या निवडीचे फळ ज्याला स्वतःला भोगावयाचे असते, तो सहसा डोळे मिटून निवड करीत नाही.

स्कूलबोर्डांत नेमके याच्या उलट घडले. बोर्डाचे सभासद हे बहुतेक करून लोकलबोर्डाच्या वा नगरपालिकेच्या राजकारणातले. शाळेत काय चालते याच्याशी पुष्कळांचा संबंध बेताचा. मात्र शाळेत कोणाची नेमणूक व्हावी, याच्याशी त्यांचा संबंध फार जवळचा. कोणाचा भाचा मास्तर व्हावयाचा असे, कोणाच्या जावयाला तालुक्याच्या गावी बदली हवी असे. कारभारी अंमलदार बोर्डाचा आश्रित म्हटल्यावर त्याने कोणाचे ऐकावे? जो ऐकेल त्याचे आसन स्थिर, जो ऐकणार नाही त्याला रोज नवा जाच. शिक्षकांनाही लवकरच कळून चुकले की चांगले शिकविण्यापेक्षा चांगली ओळख असणे अधिक फलदायी. निवडणूक जवळ आली म्हणजे खेड्यापाड्यांत वजन असलेला मास्तर हा कोणत्याही पक्षाला हवासा वाटे, आणि विरुद्ध पक्षाचे काम केले तर बदली हे हत्यार हाताशी होतेच.

१९२९ साली हारटॉग समितीने हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करून जो अहवाल दिला, त्यात स्थानिक संस्थांकडे शिक्षणाचा अधिकार प्रमाणाबाहेर सोपविला गेला आहे, अशी टीका होती. समितीचा कल सरकारी तपासणी बळकट करण्याकडे होता. विदेशी सरकारच्या छायेत बसलेल्या समितीचे हे मत लोकांना रुचले नाही, यात नवल नाही. परंतु पुढे लोकांचेच सरकार आले तेव्हा काय झाले? १९३७ साली बाळासाहेब खेर मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. शिक्षणखातेही त्यांच्याकडेच होते. १९३८ साली त्यांनी जुन्या कायद्यात दुरुस्ती केली आणि स्कूलबोर्डाचा कारभारी अधिकारी हा सरकारचा नोकर ठरविला. सरकारी तपासणीही पुन्हा उभी राहिली. ज्या मंत्र्यांचा स्थानिक स्वराज्यावर विश्वास होता, त्यांनाच हे करावे लागले, यावरून दुखणे किती जुने झाले होते याची कल्पना येईल.

पुढे १९४७ च्या कायद्याने ही घडी पक्की केली. त्यातील एक तरतूद विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. शिक्षकांची निवड बोर्डाकडे किंवा अधिकाऱ्याकडे एकट्याकडे न ठेवता ती तिघांच्या समितीकडे दिली होती: बोर्डाचे अध्यक्ष, प्रशासन अधिकारी आणि जिल्ह्याचे शैक्षणिक निरीक्षक. एक लोकांच्या बाजूचा, एक कारभार चालविणारा आणि एक तपासणारा. तिघांचे हितसंबंध निरनिराळे असल्यामुळे एकाच्या भाच्याला दुसरा सहज पसंत करणार नाही, अशी ही व्यवहारी योजना होती.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि जिल्हा स्कूलबोर्डांची कामे त्यांच्याकडे गेली. लोकनियुक्त शिक्षण समिती आली. पण शिक्षणाधिकारी सरकारचाच राहिला. आज महाराष्ट्र शिक्षण सेवेतील अधिकारी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून किंवा बढतीने येतात आणि त्यांना कोठे पाठवावयाचे हे शासन ठरविते. नगरपालिकांची शिक्षण मंडळे मात्र पुढेही पुष्कळ वर्षे चालली. २०१३ च्या कायदेदुरुस्तीने तीही मोडीत निघाली. पुण्यासारख्या काही ठिकाणी मुदत संपेपर्यंत ती राहिली, एवढेच. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी परांजप्यांनी जे दार लोकांसाठी उघडले होते, ते क्रमाक्रमाने लोटत लोटत अखेर बंद झाले.

आता पाश्चात्त्य देशांकडे दृष्टी टाकू. इंग्लंडात १८७० च्या कायद्याने लोकनियुक्त स्कूलबोर्डे निघाली. लंडनच्या पहिल्याच निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट या डॉक्टरबाई मेरिलबोन विभागातून सर्वांत अधिक मते मिळवून निवडून आल्या. ज्या काळी तेथील स्त्रियांना पार्लमेंटसाठी मत देता येत नव्हते, त्या काळची ही गोष्ट. १९०२ साली ही बोर्डे रद्द होऊन शाळा स्थानिक कौन्सिलांकडे गेल्या. अमेरिकेत मात्र ती अजून जिवंत आहेत. तेथे तेरा हजारांहून अधिक शाळा-जिल्हे असून बहुतेकांचे स्कूलबोर्ड लोक निवडतात आणि ते बोर्ड आपला सुपरिंटेंडेंट नेमते. बफेलो व लुईव्हिल या शहरांनी असे अधिकारी प्रथम नेमले ते १८३७ साली.

ही नेमणूक कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. जागा रिकामी झाली की बोर्ड प्रथम आपल्याला कसा मनुष्य हवा याचा विचार करते; पुष्कळ ठिकाणी त्यासाठी पालकांच्या व शिक्षकांच्या सभा भरतात. मग जाहिरात निघते. कित्येकदा उमेदवार शोधण्याचे काम त्यात मुरलेल्या मंडळींना मेहनताना देऊन सोपविले जाते. मुलाखतींनंतर दोघे-तिघे उरले म्हणजे त्यांना कित्येक गावांत लोकांपुढे उभे करतात, आणि कोणीही पालक त्यांना प्रश्न विचारू शकतो. शेवटी बोर्डाचे मतदान होते आणि ठरावीक वर्षांचा करार होतो. फ्लॉरिडा व अलाबामा या प्रांतांतील काही भागांत तर हा अधिकारी थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो. या पद्धतीतही दोष आहेत. बोर्डात तट पडले की त्यांच्या ओढाताणीत सुपरिंटेंडेंटचा बळी जातो, आणि करार अर्धवट टाकून त्याला घरी बसावे लागते. तरीही निवडण्यापूर्वी अपेक्षा लिहून काढणे आणि शेवटच्या उमेदवारांना उजेडात आणणे, या दोन गोष्टी आपण घेण्यासारख्या आहेत.

मग निवड लोकांनी करावी की सरकारने? दोन्ही बाजूंना वजन आहे. जवळचा मनुष्य गाव ओळखतो. पण जवळचाच मनुष्य भाचाही आणतो. शिवाय जवळचे लोक नेहमी उदार असतातच असे नाही. १९२० च्या सुमारास पुण्याच्या नगरपालिकेत सक्तीचे शिक्षण केवळ मुलांना द्यावे की मुलींनाही, असा वाद माजला, तेव्हा मुलींना तूर्त वगळावे म्हणणारे काही थोडे नव्हते. रमाबाई रानडे व त्यांच्या सहकारी भगिनी मुलींच्या बाजूने हिरिरीने उभ्या राहिल्या, म्हणून तो प्रश्न ऐरणीवर राहिला. उलट, दुरून आलेल्या अधिकाऱ्याचा गावात भाचा नसतो, पण त्याला गावाची कळही नसते. मावळात भातलावणीच्या दिवसांत हजेरी का रोडावते हे त्याला उमगेपर्यंत त्याच्या बदलीचा हुकूम येतो. २००५ च्या कायद्याने अशा अधिकाऱ्यांना एका जागी साधारण तीन वर्षांची मुदत ठरवून दिली आहे; पण जागा रिकामी ठेवून तिचा कार्यभार दुसऱ्याच्या माथी मारण्याची रीत असली, तर त्या मुदतीचा उपयोग काय?

आमच्या मते खरा प्रश्न निवडणारा जवळचा की दूरचा, हा नाहीच. निवडीतून ज्याला स्वतःसाठी काही मिळवावयाचे आहे, त्याच्या हाती निवड असू नये. आणि निवडीचे फळ ज्यांच्या मुलांना भोगावयाचे आहे, त्यांचा आवाज तीत असलाच पाहिजे. आजीव सभासदांची पद्धत यामुळेच चालली आणि स्कूलबोर्डाची यामुळेच बुडाली. शिक्षकांच्या बदल्यांबाबत याचा पहिला अर्धा भाग शासनाने ओळखला आहे. २०१७ साली जे धोरण ठरले, त्यानुसार जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या संगणकाच्या साह्याने, ठरलेल्या नियमांनी होऊ लागल्या. शिफारसपत्र खिशात घालून फिरण्याचे दिवस त्यामुळे पुष्कळ ओसरले. दुसरा अर्धा भाग मात्र राहूनच गेला आहे. भाच्याला बाहेर ठेवण्यासाठी दार लावले, ते आईबापही बाहेर राहिले.

अधिकारी शासनाने, परीक्षेने व नियमाने निवडावा, हे योग्यच. परंतु त्याला अमुक गावी पाठविताना त्या गावच्या शाळांची गरज काय, हे आधी लिहून ठेवावे. आल्यावर पहिल्या महिन्यात त्याने पालकांच्या सभेपुढे उभे राहून आपण काय करणार ते सांगावे. वर्ष संपताच त्याच सभेपुढे काय झाले ते सांगावे. आणि मुदतीपूर्वी हलविले तर त्याचे कारण जाहीर व्हावे. यासाठी मोठा खर्च लागत नाही. फक्त विचारणारे कोणीतरी लागते.

येथे आपल्यासारख्या घरांचा संबंध येतो. एके काळी नगरपालिकेच्या आणि लोकलबोर्डाच्या शाळांत आपलीच मुले होती. म्हणून दिपोटीचा शेरा आपल्या ओसरीवर चर्चिला जाई. आता आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या किंवा नामांकित संस्थांच्या शाळांत जातात, आणि त्या शाळांशी आपला संबंध तुटला आहे. घरातील मूल ज्या शाळेत नाही, तिचा कारभारी कोण, याची फिकीर कोण करतो? शिकलेली, पत्र लिहू शकणारी, साहेबासमोर न अडखळता बोलणारी घरे बाहेर पडली. आणि ज्यांची मुले मागे राहिली, त्यांना दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत जाण्याची सोय नाही. शाळांचा कारभार कोणी बघेनासा झाला, त्याला केवळ कायदे जबाबदार नाहीत.

सुदैवाने एक लहानसे दार अद्याप उघडे आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, प्रत्येक सरकारी व स्थानिक संस्थेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक केली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावयाचे आणि एकंदरीत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या विकासाचा आराखडा तिने करावयाचा, आणि आलेल्या पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवावयाचे. आपल्याकडे या समितीत स्थानिक शिक्षणतज्ज्ञालाही जागा असते. आपल्या एकत्र कुटुंबांत निवृत्त मुख्याध्यापक, प्राध्यापिका, हिशेबनीस किती तरी असतात. सकाळचे वर्तमानपत्र झाले की दुपारपर्यंत काय करावे, हा त्यांचा प्रश्न असतो. त्यांनी जवळच्या शाळेत जाऊन समितीला आपली मदत देऊ करावी. ठराव कसा लिहावा, आराखड्यात शिक्षकाची रिकामी जागा कशी नोंदवावी, अधिकाऱ्याचे पद किती महिने दुसऱ्याच्या कार्यभारात आहे हे माहितीच्या अधिकाराखाली कसे विचारावे, हे ते सहज सांगू शकतील. बोलावे मात्र त्या मुलांच्या आयांनी. आपण लेखणी धरावी.

आपल्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईची मुलगी कोणत्या शाळेत जाते, हे आपणांस बहुधा ठाऊक असते. तिच्या वर्गाला शिक्षक आहे काय, आणि नसल्यास तो देणारा अधिकारी कोण, एवढे तिच्या आईला विचारून पाहावे. उत्तर तिला ठाऊक नसेल, तर ते दोघींनी मिळून शोधावे.